टाकीपर्यंतची नऊ मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले आरोग्य अधिकारी साहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे थोरले, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेला संकोचून बसलेल्या वहिनी, रुग्णवाहिका विभागातले माझे सहकारी, नदीच्या अलीकडून आणि पलीकडून आलेले नागरिक बंधुभगिनींनो, आणि मुद्दाम वेगळा उल्लेख करते, दाराजवळच्या दोन खुर्च्यांवर किल्ली हातात धरून बसलेले आजच्या पाळीचे चालक आणि परिचारिका. तुम्हा दोघांना एक विनंती आहे. माझं भाषण कितीही रंगलं तरी तुम्ही त्यात गुंतू नका.

हसलात, बरं झालं. पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

या सभागृहाला आणि शेजारच्या रुग्णवाहिका ठाण्याला मी अजून 'पलीकडचं' म्हणते. इथे उभी राहूनही म्हणते. जुनी खोड आहे, सांभाळून घ्या. मी नियोजन विभागात नकाशे करते, म्हणून चालक मंडळी मला नकाशाबाई म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण आज समारंभ आहे.

निरोपाच्या भाषणाचा एक ठरलेला साचा असतो. सत्कारमूर्ती वक्तशीर होते, मनमिळाऊ होते, त्यांची उणीव भासत राहील, पुढील आयुष्य सुखासमाधानाचं जावो. मीही तसं दोन पानं लिहून आणलं होतं. ती पानं पर्समध्ये आहेत आणि तिथेच राहणार आहेत. कारण थोरल्यांबद्दल एक गोष्ट नऊ वर्षं मी गिळून बसले आहे. आज संध्याकाळी सहा वाजता ते निवृत्त होतील आणि मग ती सांगायला मला ना हक्काची जागा राहील, ना निमित्त.

आधी थोरले म्हणजे कोण, हे नव्यांना सांगते. पूर्वी हजेरीपटावर दोन भाऊ होते, थोरले आणि धाकटे. धाकटे नोकरी सोडून गेले त्याला वीस वर्षं झाली, पण थोरले थोरलेच राहिले. त्यांच्या गाडीत पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवा, थेंब सांडणार नाही, असं लोक म्हणतात. मी तो प्रयोग केलेला नाही. पण त्यांच्या गाडीत एकदा बसले आहे, आणि त्याचंच सांगणार आहे. आणि त्यांचा स्वभाव पाहायचा असेल तर समोर बघा. पुष्पगुच्छाच्या शेजारी टेबलावर काय ठेवलंय? वायरलेस. साहेब सकाळीच म्हणाले, आजच्या दिवस दुसऱ्याकडे द्या की. थोरले म्हणाले, सहा वाजता देतो.

तर, नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट.

त्या वेळी आपलं शहर असं वाढत होतं की नकाशा छापून येईपर्यंत जुना व्हायचा. नदीपलीकडे फरशी कारखाना आला, कारखान्यामागे इमारतींच्या ओळी उभ्या राहिल्या, आणि माणसं राहायला येऊन दूधवालासुद्धा ठरला, तरी आमच्या कागदावर तिथे गवतच होतं. रुग्णवाहिकांचं ठाणं मात्र एकच, अलीकडे, जुन्या रुग्णालयामागे. मग मंजुरी आली, आणखी एक ठाणं करा. फक्त एक. कुठे करायचं ते समितीने ठरवायचं, आणि समितीला सांगायचं मी.

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? जिथे गाडी उशिरा पोचते तिथे ठाणं करा. अगदी बरोबर. मीही हेच म्हटलं. नियंत्रण कक्षातली दोन वर्षांची रजिस्टरं मागवली. फोन किती वाजता आला आणि गाडी 'पोचलो' किती वाजता म्हणाली, या दोन वेळांतलं अंतर काढलं. दहा मिनिटांच्या आत असेल तर हिरवी टाचणी, वर असेल तर लाल. तीन महिने मी टाचण्या लावत होते. बोटांना भोकं पडली.

नकाशा तयार झाला तेव्हा पश्चिमेला, मोठ्या बागेजवळच्या बंगल्यांत, सगळीकडे लाल. चौदा मिनिटं, पंधरा मिनिटं. आणि नदीपलीकडे? हिरवंगार. पुलाजवळच्या पहिल्या घराला नऊ मिनिटं आणि कारखान्यामागच्या शेवटच्या घरालाही नऊ मिनिटं. शहाण्या माणसाच्या मनात इथेच पाल चुकचुकली असती. मी काय केलं? मी अहवालात लिहिलं, 'नदीपलीकडील भागात सेवेत उल्लेखनीय सातत्य आढळते.' वाक्य माझंच आहे. पाठ आहे मला.

शिफारस उघड होती. नवं ठाणं बागेजवळ. आजचे आपले अध्यक्ष महोदय तेव्हा त्या समितीचेही अध्यक्ष होते आणि त्यांचं घर बागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. नाही साहेब, मी काही सुचवत नाही. पुढे तुमची बाजू येणार आहे, धीर धरा.

याच दिवसांत माझ्या टेबलावर एक अर्ज आला होता. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, शिवणताई बसल्या आहेत. पलीकडच्या अर्ध्या वस्तीचे कपडे त्यांच्या मशीनखालून जातात, त्यामुळे त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. त्यांच्या यजमानांच्या छातीत सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दुखू लागलं. ताईंनी लगेच फोन केला. गाडी आली. यजमान वाटेत गेले. त्यानंतर महिन्याभराने ताईंनी लिहिलं होतं, 'मशीनच्या वर घड्याळ आहे. गाडी अकरा तेहेतीसला आली. तेवीस मिनिटं लागली. असं का झालं ते कळवावं.' बस्स, एवढंच. शिवीगाळ नाही, भरपाईची मागणी नाही.

त्याचं उत्तर मी तयार केलं. रजिस्टर उघडलं, नोंद पाहिली, नऊ मिनिटं. आणि लिहिलं की आमच्या नोंदीनुसार गाडी नऊ मिनिटांत पोचलेली आहे. आणि त्याखाली, ताई, हे पुन्हा ऐकवताना मला लाज वाटते आहे, त्याखाली लिहिलं, 'दुःखाच्या भरात वेळेचा अंदाज चुकणे स्वाभाविक आहे.' वर गोल शिक्का मारून पाठवलं.

ताई ते पत्र घेऊन थेट ठाण्यावर गेल्या. यजमानांना नेलं त्या दिवशी गाडीवर थोरले होते, हे त्यांना माहीत होतं. थोरले गाडीचा आरसा पुसत होते. ताईंनी पत्र पुढे केलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच आला होतात. तुम्हीच सांगा. माझं घड्याळ चुकलं का?"

थोरल्यांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं, घडी करून परत दिलं. ताई उभ्या होत्या तेवढा वेळ ते तोच आरसा पुसत राहिले. हे मला ताईंनीच नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. समितीच्या बैठकीला चार दिवस होते. दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, तुमच्या हिरव्या टाचण्या काढा."

मी विचारलं, का? तर म्हणाले, "आम्ही टाकीपाशी पोचलो म्हणतो."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. पुलाच्या अलीकडे पाण्याची उंच टाकी आहे, ती सगळ्यांना माहीत आहे. तिच्यापुढे उतार लागतो, आणि त्या काळी उताराला लागलं की वायरलेस मुका व्हायचा. पलीकडून कितीही ओरडा, कक्षात ऐकू जायचं नाही. आणि नियम असा की पंधरा मिनिटांत 'पोचलो' आलं नाही तर गाडी बेपत्ता समजायची, दुसरी गाडी सोडायची आणि चालकाकडून लेखी खुलासा घ्यायचा. मग चालकांनी आपला तोडगा काढला. टाकीपाशीच 'पोचलो' म्हणून टाकायचं आणि पुढे जायचं. जुन्यांनी नव्यांना शिकवलं. कुणाला त्यात खोटं वाटलं नाही. दुसरी गाडी उगीच धावू नये एवढाच हेतू. आणि पूल? तो जुना, एका वेळी एकाच बाजूची वाहनं जाणारा, दोन्ही तोंडांना मालाचे ट्रक. तिथली बारा, चौदा, कधी अठरा मिनिटं कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

मी काय म्हटलं असेन? तुम्हाला वाटेल, मी ताडकन उठले असेन. मी म्हटलं, "थोरले, दार लावून घ्या." आणि मग म्हटलं, "आता गप्प बसा. अहवाल छापून झालाय. अकरा वर्षं ओळीने तुम्हाला वेळेत पोचण्याचं प्रशस्तिपत्र मिळतंय, ते सगळं अंगाशी येईल. तुम्हालाच नोटीस निघेल." त्यांच्याच भल्याचं सांगते आहे, अशा आवाजात बोलले. स्वतःच्या तीन महिन्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

ते म्हणाले, "ठीक. पण एकदा गाडीत बसा."

एक मिनिट हं. वायरलेस...

ऐकलंत ना सगळ्यांनी? फरशी कारखान्यामागची शेवटची ओळ, तिसरी इमारत, पुरुष, छातीत दुखतंय, घाम फुटलाय. मधली वाट मोकळी करा, ती खुर्ची बाजूला घ्या. जा तुम्ही. निघा.

गेले. चार वाजून एकेचाळीस मिनिटं झाली आहेत. समोरच्या भिंतीवर, तुमच्या पाठीमागे घड्याळ आहे, मला इथून दिसतं. थोरल्यांनी कधीच पाहिलंय.

तुम्ही निघालात का, मागच्या रांगेतले? त्याच ओळीत घर आहे? जा, जा. धावू नका, पायऱ्या आहेत.

अध्यक्ष म्हणताहेत, चालू ठेवा. ठेवते. खरं सांगायचं तर आत्ता खाली बसायला सांगितलं असतं तरी मला बसवलं नसतं.

तर मी गाडीत बसले. सकाळचे साडेदहा झाले असतील. पुढच्या सीटवर, मांडीवर वही, हातात घड्याळ. फोन आला तो पलीकडचाच, एका आजींना श्वास लागला होता. गाडी निघाली. रस्ता मोकळा होता, थोरल्यांचा हात सुरेख, आणि मला वाटायला लागलं की उगाच घाबरले. टाकी आली. थोरल्यांनी वायरलेस उचलला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी तीन, पोचलो," आणि खाली ठेवला.

मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं.

समोर पूल होता. पुलावर तोंडाला तोंड लावून सहा ट्रक. सायरन चालू होता, पण ट्रक जाणार कुठे? एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला कठडा. मागे बसलेला परिचारक दर मिनिटाला पुढे डोकावत होता. थोरले नुसते स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. आणि माझ्या डोक्यात काय होतं? आजी? नाही. माझ्या डोक्यात होतं की या क्षणी कक्षात रजिस्टरवर 'पोचली' लिहून झालंय, आणि काही दिवसांनी माझ्यासारखीच कुणीतरी तिथे हिरवी टाचणी लावेल.

एकवीस मिनिटांनी आम्ही दारात पोचलो. आजींची सून जिन्यातच उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "गच्चीवरून दिसत होता तुमचा दिवा. पुलावर. किती वेळ नुसता फिरत होता."

आजी वाचल्या. ऑक्सिजनची बाटली मी धरली होती, दोन्ही हातांनी.

चार चव्वेचाळीस. अजून वेळ आहे.

आता तुम्हाला वाटेल, एवढं पाहिल्यावर बाईंचे डोळे उघडले. डोळे उघडले होते हो. तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी बैठक झाली आणि मी तोच नकाशा भिंतीवर टांगला, त्याच हिरव्या टाचण्यांसकट. मनाची समजूत अशी घातली की आत्ता मंजूर होऊ दे, मागाहून पुरवणी अहवाल देऊ. पुरवणी अहवाल म्हणजे काय चीज असते, हे नगरपालिकेत काम केलेल्यांना सांगायला नको. माझ्या आईच्या भाषेत, उद्याचं मरण आज कशाला.

मी हातात पट्टी घेऊन सगळं समजावून सांगितलं. माना डोलल्या. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत?" आणि मागे भिंतीला टेकून, गणवेशात, बोलावणं नसताना आलेले थोरले म्हणाले, "माझी आहे, साहेब. ती हिरवी नऊ मिनिटं माझी आहेत. आणि ती टाकीपर्यंतचीच आहेत."

त्यांनी सगळं सांगितलं. वायरलेसचं, नियमाचं, पुलाचं. शिवणताईंच्या यजमानांचं नाव घेऊन सांगितलं की तिथे तेवीस मिनिटं लागली, चालक मी होतो, आणि रजिस्टरात नऊ लिहिली गेली ती माझ्या तोंडच्या शब्दावरून. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि टाचण्या तर तिथे बाराशे होत्या.

अध्यक्ष महोदय, तुम्ही तेव्हा फार चिडलात. तुम्ही विचारलंत, "मग अकरा वर्षं आम्ही तुम्हाला प्रशस्तिपत्र कशाबद्दल दिलं?"

थोरले म्हणाले, "टाकीपर्यंत वेळेत गेल्याबद्दल, साहेब."

आज तुम्ही हसलात. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं.

आणि मग तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात. तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतो. "हे आणखी कुणाला माहीत होतं?"

थोरल्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या वहीत, त्यांनीच गाडीत बसवून लिहून घेतलेले, नऊ आणि एकवीस हे आकडे होते, आणि ती वही माझ्या काखेत होती. मी तोंड उघडायला हवं होतं. एक श्वास घेण्याइतका वेळ त्यांनी मला दिला. मग ते वळले आणि म्हणाले, "चालकांना मी शिकवलं. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं."

हे खोटं होतं. टाकीपाशी 'पोचलो' म्हणण्याचं ते पहिलं खोटं सगळ्यांना माहीत आहे, पण हे दुसरं आजवर आम्हा दोघांनाच माहीत होतं. आज मी ते या सभेसमोर सांगते आहे. मला चार दिवस आधीपासून माहीत होतं. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. आणि स्वतःची चूक कबूल करायला उभा राहिलेला माणूस जाता जाता माझी चूकही आपल्या अंगावर घेऊन गेला.

त्यानंतर काय झालं ते विभागातल्या जुन्यांना ठाऊक आहे. अकराही प्रशस्तिपत्रं परत घेतली. गाडी काढून घेतली. पन्नाशी उलटलेला माणूस चौदा महिने इतरांच्या गाड्या धूत होता. आणि मला मिळाला नव्या नकाशाबद्दल अभिनंदनाचा ठराव. तो मी कधी कुणाला दाखवला नाही. नाही, आज खोटं नको. पहिल्या वर्षी दाखवला होता.

वहिनी, त्या चौदा महिन्यांत तुम्ही मला बाजारात कितीदा भेटलात. कधी एका शब्दाने विचारलं नाहीत. तुम्हाला माहीत होतं का? मान हलवू नका, नंतर सांगा. मला इथे रडू यायला नको आहे.

चार सेहेचाळीस.

नवा नकाशा मी एकटीने केला नाही हेही ऐकून ठेवा. बैठक आठ दिवस पुढे गेली. खऱ्या वेळा आणायच्या कुठून? रजिस्टर तर वाया गेलेलं. तेव्हा शिवणताई म्हणाल्या, "घरोघरी विचारू या. अशा दिवशीचं घड्याळ कुणी विसरत नाही." मी त्यांच्या पायरीवर कशी गेले ते माझं मला माहीत, पण त्यांनी चप्पल घातली आणि त्या पुढे झाल्या. एक्केचाळीस घरं. मी विचारलं की लोक आकडा सांगायचे, ताईंनी विचारलं की बसायला सांगायचे. सगळे गच्चीवरून, खिडकीतून, पुलावरचा तो फिरणारा दिवा बघत उभे राहिले होते. आठ दिवसांत मी एकेक हिरवी टाचणी उपटली आणि त्याच भोकात लाल टोचली.

आणि दुसऱ्या बैठकीत, आता तुमची बाजू येते साहेब, बागेजवळ घर असलेल्या अध्यक्षांनी पहिला हात नदीपलीकडच्या जागेसाठी वर केला. त्यानंतर वर्षभर बागेजवळची मंडळी त्यांच्याशी बोलत नव्हती, असं म्हणतात.

ठाणं झालं, तेच हे शेजारचं. नदीच्या अलीकडे उंच मनोरा उभा राहिला, वायरलेस बोलू लागला. चौदा महिन्यांनी थोरले गाडीवर परत आले आणि पहिल्याच दिवशी 'पोचलो' हा शब्द त्यांनी बंद केला. दारात पोचलो, जिन्यात पोचलो, काही सांगायचं नाही. रुग्णाच्या अंगाला हात लागेपर्यंत वायरलेस उचलायचाच नाही, आणि मग म्हणायचं, 'हात लागला.' ती वेळ रजिस्टरात जाते. मर्यादाही दहावरून सातवर आणली. सातच्या वर गेलं की लाल.

चार सत्तेचाळीस. यायला हवं होतं. कारखान्याच्या कोपऱ्यावर नळासाठी रस्ता खणलाय, नाही का? कालच पाहिला मी.

शिवणताई, तुम्ही मान वळवून घड्याळाकडे बघताय. मीही तिकडेच बघते आहे. तुमच्या एका कागदाची बाकी माझ्याकडे राहिली आहे. नकाशा दुरुस्त झाला, नियम बदलला, पण ते पत्र आमच्या दप्तरात तसंच राहिलं. नऊ वर्षं तुमच्या अर्जाला तेच एक उत्तर आहे. आज सकाळी आरोग्य अधिकारी साहेबांच्या सहीने दुसरं निघालं आहे. चारच ओळी आहेत, वाचते. 'आपल्या अर्जास अनुसरून कळवण्यात येते की, त्या दिवशी गाडी फोन आल्यापासून तेवीस मिनिटांनी पोचली. रजिस्टरातील नोंद दुरुस्त करण्यात आली आहे. आपला अंदाज चुकला नव्हता. आमच्या आधीच्या पत्रातील मजकूर चुकीचा होता.' सही, शिक्का. हे पोस्टाने पाठवायचं नाही असं ठरलं. मी खाली येऊन देते. बसा, बसा तुम्ही, मी येते...

थांबा.

थोरले, आवाज वाढवा.

ऐकलंत? 'हात लागला. शुद्धीवर आहे, बोलतोय.'

टाळ्या जरा थांबवा. थांबवा, थोरले लिहिताहेत. त्यांना घड्याळ बघू द्या.

किती? सांगा ना माईकवर. आठ? खणलेल्या रस्त्यामुळे एक मिनिट जास्त गेलं, तेवढं... नाही? बरं. आठ. तुम्ही म्हणाल तसंच.

तर मंडळी, मी फार वेळ घेतला. मला बोलायला बोलावलं त्याबद्दल संयोजकांचे आभार, हे सगळं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षांचे आणि साहेबांचे आभार, आणि वहिनींचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान ठेवायचा राहून गेला असेल, कुणाला काही टोचलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या जुन्या पत्रातलं वाक्य मात्र पोटात घालू नका. ते माझ्या नावावर राहू द्या.

थोरल्यांच्या सेवेतली ही शेवटची नोंद आहे. चार एकेचाळीस ते चार एकोणपन्नास, आठ मिनिटं. सातच्या वर आहे, म्हणजे त्या शेवटच्या ओळीवर उद्या सकाळी मी लाल टाचणी लावणार आहे, आणि ठाणं आणखी कुठे लागेल याचा विचार पुन्हा सुरू करणार आहे.

नमस्कार.